पाठ झालेला रस्ता

पुंजाजी ड्रायव्हर मोटार अनवाणी चालवायचा. अंगात खाकी कोट, खाली धोतर, डोक्याला फडकं आणि पाय उघडे. शेठनं, म्हणजे मोटारीच्या मालकानं, एकदा त्याला अकोल्याहून बूट आणून दिले. ते त्यानं सीटखाली सरकवले, आणि पुढं त्या बुटांत पाने नि पकड राहू लागली. "पायाले समजलं पाह्यजे," एवढंच त्याचं म्हणणं. वाशीमहून मालेगाव, मेडशी करत अकोला, आणि दिवस मावळायच्या आत परत वाशीम. जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून ही उतारूंची सर्व्हिस मोटार त्याच्या हाती होती.

मी तेव्हा वाशीमला एका धर्मादाय दवाखान्यात कंपौंडर होतो. औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवायच्या, जखमा धुवायच्या, आणि डाक्टर कामात असले की त्यांची निम्मी कामं आपणच उरकायची, अशी ती नोकरी. माझं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते पुंजाजीचं. पण त्याच्या हकिकतीत एका ठिकाणी माझा हात आहे, आणि तो मला काढून घेता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तो मूळचा मेडशीचा. घरची कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ पाही, आणि हा मोटारी धुता धुता ड्रायव्हर झाला. त्या काळात ड्रायव्हर म्हणजे काय असामी होती, हे आता सांगून पटणार नाही. तहसीलदाराला लोक वाकून रामराम घालायचे, पण ड्रायव्हरला मनापासून घालायचे. कुणाच्या लेकीचा निरोप, कुणाच्या बापाचं औषध, कुणाच्या लग्नाची तिथी, सगळं त्याच्या तोंडी आणि त्याच्या खिशात. माझ्या दवाखान्यातून मेडशीच्या दुखणेकऱ्यांना जाणाऱ्या बाटल्या तोच न्यायचा. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. मी बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून द्यायचो. एक गाठ म्हणजे अमक्याची, दोन गाठी म्हणजे तमक्याची. इतक्या वर्षांत एकदाही बाटली चुकली नाही. मी त्याला म्हणायचो, "पुंजाजी, तुला शाळेत घातलं असतं तर तू मुन्सफ झाला असतास." तो म्हणायचा, "मंग तुमच्या बाटल्या कोन नेल्या असत्या?"

त्याचं पाठांतर सगळ्या रस्त्याला माहीत होतं. वाटेतल्या प्रत्येक वळणाला त्यानं नाव ठेवलं होतं. एका नव्या नवरीला जिथं मळमळलं ते उलटीचं वळण. एका कारकुनाची छत्री जिथं खिडकीतून उडून नाल्यात गेली ते छत्रीचं वळण. जिथं दोघी विहिणी भांडून एकीनं मोटारीतून उतरायचा हट्ट धरला ते विहिणीचं वळण. वळण आलं की तो मोठ्यानं नाव घ्यायचा, भोंग्याचा रबरी फुगा दोनदा दाबायचा, आणि मागच्या बाकांवर हशा व्हायचा. नवा उतारू असला की त्याला ती सगळी कहाणी ऐकावी लागे. कुणी घाबरट बसलेला दिसला की पुंजाजी मान न वळवता म्हणे, "बसा निवांत. रस्ता माह्या पायाले पाठ हाये."

आणि खरंच होता. एकदा उन्हाळ्यात मेडशीला एक बाई अडली होती म्हणून डाक्टर आणि मी त्याच्या मोटारीनं निघालो. मालेगाव सोडलं आणि धुळीचं असं वादळ आलं की पुढं मोटारीचं नाकसुद्धा दिसेना. डाक्टर म्हणाले, थांब. पुंजाजी म्हणाला, "साहेब, ती बाई थांबन का?" आणि त्यानं मोटार पायी चालावं तशी हळूहळू पुढं काढली. तोंडानं चालूच, हे अमकं वळण, हा फुटका पूल, आता डावीकडं पिंपळ. आम्ही पोचलो. बाई वाचली, पोरगं वाचलं. त्या दिवसापासून डाक्टर चारचौघांत सांगू लागले की पुंजाजी डोळे झाकून मोटार नेतो. मग मीही सांगू लागलो. मग सगळं वाशीम सांगू लागलं. आपण त्या माणसाला केवढ्या खड्ड्यात लोटतोय हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

मालेगावच्या अलीकडे नाल्याकाठी भागाबाई नावाच्या एका माळणीचा मळा होता. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. वय साठीचं, अंगानं काटकुळी, आणि जिभेला धार. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक मळा पाही, आणि ही टोपलं घेऊन मालेगावच्या बाजाराला जाई. रस्त्याच्या कडेला उभं राहणं, हात करणं हे तिला ठाऊकच नव्हतं. छत्रीचं वळण संपलं की पुढं एक बाभूळ होती, त्या बाभळीपाशी ती रस्त्याच्या मधोमध टोपलं डोक्यावर घेऊन उभी राहायची. कुणी म्हटलं, अवो, बाजूला तरी व्हा, तर म्हणे, "कायले? पुंजाजी काय मले पाह्यल्याबिगर जाते?"

मोटार तिच्यापुढं येऊन थांबली की दोघांची जुंपायची.

"म्हातारे, मरतं का रस्त्यात?"

"तुह्या मोटारीखाली मरून स्वर्गात जावाचं नाही मले. तिले केवढी घान येते."

आणि मग ती चार निवडक वांगी त्याच्या सीटपाशी ठेवायची. तो तिला भागामाय म्हणे. त्याची आई तो तान्हा असतानाच गेली होती, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं, आणि भलतीकडेच बघत सांगितलं होतं.

लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लागली. तिच्या गॅसवर मोटार खोकत खोकत चाले, आणि चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. त्याच सुमारास पुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धोतराच्या सोग्यानं तो सारखा समोरची काच पुसायचा, पुसलेली काच पुन्हा पुसायचा. मी विचारलं तर म्हणाला, "कोळशाचा धूर लागून राह्यला, साहेब." मला पटलं. मी त्याला डोळे धुवायला बोरिकची पूड दिली. काय अक्कल पाजळली मी.

मग लोक म्हणू लागले, पुंजाजीला माज आला. मेडशीच्या एका बड्या जमीनदारानं रस्त्याकडेला उभं राहून हात हलवला आणि यानं साधा रामरामही केला नाही. ते गृहस्थ शेठकडे जाऊन बोलून आले. त्यानंतर पुंजाजी दिसेल त्याला हात वर करून रामराम घालायला लागला. एकदा त्यानं मैलाच्या दगडाला रामराम घातला. मोटार हसून हसून लोळली, आणि तोही हसला. मी त्या दिवशी मोटारीत होतो. मीही हसलो, आणि घरी येऊन बायकोला सांगून पुन्हा हसलो.

आता माझ्या हाताची गोष्ट. लायसन्स नवं करताना ड्रायव्हरला डाक्टरचा दाखला लागे, की याचे डोळे ठीक आहेत. डाक्टरांच्या खोलीत अक्षरांचा तक्ता होता, पण तो इंग्रजी. आमच्या ड्रायव्हरांना मराठी वाचायची मारामार, तिथं इंग्रजी कुठलं? म्हणून ते काम माझ्याकडे. ड्रायव्हरला व्हरांड्याच्या एका टोकाला उभं करायचं, एका डोळ्यावर हात ठेवायला सांगायचं, आणि मी दुसऱ्या टोकाच्या खांबापाशी जाऊन बोटं दाखवायची. दोन, पाच, एक, तीन. मग दुसरा डोळा. चार, एक, पाच, दोन. कायम हीच, दर साली आणि दर ड्रायव्हरला. मी ती ठरवलेली नव्हती. हाताला सवय लागली होती, आणि हात आपला चालत होता. बाकीचे ड्रायव्हर तिथंच बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघत, आणि पुढचा काय उत्तरं देतो ते ऐकत.

शेवटच्या खेपेला पुंजाजी पाळीसाठी बसला तो सगळ्यात मागं. त्याच्या आधी चौघांची तपासणी झाली. मग तो उभा राहिला. पहिला डोळा झाला. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी माझी बोटं नीट उघडलीही नव्हती, तोच तो म्हणाला, "पाच."

"अरे, एवढी घाई काय आहे?" मी म्हटलं.

"मोटार उभी हाये, साहेब. लोक खोळंबले."

मी हसलो, डाक्टरांना जाऊन सांगितलं की ठीक आहे, आणि त्यांनी सही केली. उघडायच्या आधी बोटं कुणाला दिसतात? एवढा साधा सवाल. तो मला पुढं शेकडो वेळा पडला, फक्त त्या दिवशी पडला नाही.

पोळा होऊन गेला होता. चार दिवस पावसाची झड लागून त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, ओल्या रस्त्यावरून डोळ्यांत जाणारं. पुढचं मला वामननं सांगितलं. वामन त्या मोटारीचा कंडक्टर, पुंजाजीच्याच वयाचा. छत्रीचं वळण आलं, पुंजाजीनं नाव घेतलं, भोंगा वाजवला. आता बाभूळ येईल, तिथं वेग कमी करायचा, हे त्याच्या पायाला पाठ होतं. पण झडीनं नाल्याचं पाणी फुगून बाभळीखाली गुडघाभर चिखल झाला होता. भागाबाई त्या दिवशी चिखल सोडून बरीच अलीकडं, वळणाच्या बाजूला, कोरड्या जागी येऊन उभी होती. रस्त्याच्या मधोमध, टोपलं डोक्यावर घेऊन. भोंगा ऐकून ती मोटारीकडे तोंड करून उभी राहिली. ती हलली नाही. कशाला हलेल? मोटार पुंजाजीची होती.

वामन उतारूंची तिकिटं बघत होता. त्यानं मान वर केली तेव्हा फार उशीर झाला होता.

धक्का बसला, मोटार थांबली. पुंजाजी खाली उतरला. त्यानं वामनला विचारलं, "वासरू होतं का?"  मग पुंजाजी पुढं बाभळीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "भागामाय, अवो, जरा पानी आन वो. काहीतरी लागलं मोटारीले."

हे सांगताना वामन माझ्यासमोर भिंतीला डोकं टेकून रडला, आणि मी त्याला गप्पही करू शकलो नाही.

मोटार चालवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिला बैलगाडीतून आमच्या दवाखान्यात आणलं. पुंजाजी गाडीच्या मागं चालत आला. त्याचा एक हात गाडीच्या फळीवर होता. लोकांना वाटलं, दुःखानं ठेवलाय. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तो माणूस वाट शोधायला गाडी धरून चालतोय. व्हरांड्याची पायरी त्यानं आधी पायानं चाचपली आणि मग चढली.

भागाबाईला बोलता येत नव्हतं. डाक्टरांनी हातचं काही राखलं नाही, पण दुपार कलायच्या आत ती गेली. मी बाहेर आलो. पुंजाजी खांबाला टेकून उभा होता.

"कोन हाये? कंपौंडरसाहेब हायेत का?"

"मीच आहे."

"हाये का ती?"

मी नाही म्हटलं.  तो अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मले दिसत नाही, साहेब. तीन वर्सं झाली. समदं धुकं हाये."

"आणि मी बोटं दाखवली ती?"

"ते मले पाठ होते. बाकावर बसून पाठ केले."

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. तोंडाला शिव्या आल्याही होत्या. पण त्या कुणाला द्यायच्या हे कळेना. मी फक्त विचारलं, "मला सांगितलं का नाहीस रे?"

"सांगतलं असतं तर मोटार गेली असती. मोटारीबिगर मी कोन हावो?"

डाक्टरांनी तिथंच त्याचे डोळे उघडून पाहिले. दोन्हीकडे मोतीबिंदू. डाक्टर मला म्हणाले, "पिकलाय. केव्हाच काढता आला असता." एवढंच बोलले. आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुंजाजी स्वतःच्या पायांनी चौकीवर गेला. खटला झाला. मला साक्षीला बोलावलं. हाकिमांनी विचारलं, तुम्ही डोळे नीट तपासले होते का? मी होय म्हटलं. बोटांच्या क्रमाचं मी बोललो नाही. पुंजाजी उभा राहून म्हणाला, "कंपौंडरसाहेबाची काही चूक नाही. मी त्याईले फसवलं." आणि मी ते ऐकून घेतलं. मला बायको होती, तीन पोरं होती, नोकरी होती. ही कारणं खरी आहेत, आणि ती मला आजही पुरत नाहीत. त्याला शिक्षा झाली. मला कुणी एक शब्द बोललं नाही.

त्यानंतर मी बोटं बदलायला लागलो. ड्रायव्हरांना एकेकाला आत घ्यायचो, बाकीच्यांना बाहेर लांब बसवायचो. लायसन्सची वाट बघू नका, दर सहा महिन्यांनी येऊन डोळे दाखवा, असं मोटारींच्या अड्ड्यावर जाऊन सांगायचो. दात दुखला तर माणूस रात्रभर तळमळतो, पण डोळा न दुखता जातो आणि ज्याचा जातो त्यालाच वाटतं बाहेर धुकं पडलंय. ड्रायव्हर लोक मागं म्हणायचे, कंपौंडर खसकला. म्हणेनात का. त्यातल्या दोघांचे मोतीबिंदू मी पकडून अकोल्याला धाडले. ते दोघं पुढं बरीच वर्षं मोटारी चालवत होते.

पुंजाजी सुटून आला तेव्हा त्याला समोर धरलेला हातही दिसत नव्हता. मी मेडशीला त्याच्या घरी गेलो. म्हटलं, चल अकोल्याला, मोतीबिंदू काढून घेऊ. तो ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसला होता.

"आता कायले? काय पाहाचं राह्यलं?"

मी परत आलो. दुसऱ्यांदा गेलो, तरी तेच. तिसऱ्यांदा त्याची बायको मधे पडली. कधी न बोलणारी बाई, पदर डोळ्यांपर्यंत. ती म्हणाली, "मले मालूम होतं, भाऊ. ताटातला खडा त्याईले दिसे नाही. कोनाले सांगशीन तर माह्यं मेलेलं तोंड पाहाशीन म्हने. मी भेली. मी तवा बोलली असती तं ते म्हातारी आज जिती असती." मग ती नवऱ्याकडे वळली. "आता मी गप बसनार नाही. तुमी जावाचंच."

त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. तो उठून माझ्याबरोबर निघाला.

अकोल्याला त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्याला उताणं निजवलं होतं. मान हलवायची नाही म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानं ती हलवली नाही. काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो लावून तो आमच्या डाक्टरांना दाखवायला वाशीमला आला. डाक्टरांनी खूप वेळ तपासून सांगितलं की लांबचं उत्तम दिसतंय.  तो खूश झाल्यासारखा मात्र वाटला नाही. मेडशीला परत निघाला तेव्हा त्याला एकट्याला पाठवायला माझं मन घेईना, म्हणून मी सोबत मोटारीत बसलो. नवा ड्रायव्हर होता. पुंजाजी खिडकीशी बसून बाहेर बघत होता. ही आमची शेवटची भेट. त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला.

त्या दिवशी छत्रीच्या वळणापाशी त्यानं मोटार थांबवायला लावली. आम्ही दोघं उतरलो, मोटार पुढं गेली. रस्ता रिकामा होता. शेतात तुरी फुलल्या होत्या.

"ती कुठं उभी होती, तुमाले मालूम हाये?" त्यानं विचारलं.

वामननं मला ती जागा दाखवली होती. मी हो म्हटलं.

"तुमी तिथं जाऊन उभे राहा."

"पुंजाजी, कशाला हे?"

"जा ना, साहेब."

मी चालायला लागलो. वामनबरोबर आलो होतो तेव्हा वाट एवढी लांब वाटली नव्हती. जागेवर पोचून मी मागं वळलो. पुंजाजी वळणापाशी रस्त्याच्या मधोमध उभा होता, बोटभर दिसत होता. तो माझ्याकडे बघत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मला घाम सुटला होता, काय करावं कळेना. मग तो हळूहळू चालत आला. वाटेत दोनदा थांबला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चालू लागला. माझ्यापुढं येऊन उभा राहिला तेव्हा जाड भिंगांमागं त्याचे डोळे फार मोठे दिसत होते.

"तुमी टोपी काढून घाम पुसला," तो म्हणाला. "मंग टोपी उजव्या हातानं घातली."

"हो."

"मले तिथून दिसलं."

 तो वळून, आपण आलो त्या रस्त्याकडे, वळणापर्यंत बघत राहिला.

"किती वेळ होता, साहेब," तो म्हणाला. "थांबाले किती वेळ होता."